चुलीखालची बाहुली

गोवालने चुलीतली राख आधी पत्र्याच्या तुकड्यावर नीट काढून घेतली आणि मग पहार घातली. राख सांडू नको, बियाण्याला लागते, एवढंच रेवाबाईने त्याला सांगितलं होतं, आणि तेवढं त्याने ऐकलं. ती कुडाच्या भिंतीला टेकून उभी होती. दारात पाड्यातली माणसं जमली होती. त्यांत तिचा सख्खा भाचा नवलसिंगही होता, पण तो सगळ्यांच्या मागे, पायाच्या अंगठ्याने माती उकरत.

चूल रेवाबाईने स्वतःच्या हाताने घातलेली होती. दोन-चार घावांत ती दुभंगली. गोवालने माती उपसली, कोपरापर्यंत हात घालून चाचपलं, खापराचा एक तुकडा वर काढला, उलटासुलटा करून पाहिला आणि टाकून दिला. खाली मुरूम लागला. मुरमाखाली कोण काय पुरणार? तरी त्याने आणखी वीतभर खणलं.

"नाही," तो म्हणाला.

खरं तर इथे सगळ्यांनी हसायचं, रेवाबाईच्या हातचा चहा प्यायचा आणि घरोघर जायचं. काही नव्हतं, काही सापडलं नाही, विषय संपला. पण माणसं हलेनात. गोवालची आई जसोदाबाई दारातूनच म्हणाली, "मग हलवली असेल."

रेवाबाईने केरसुणी घेतली आणि माती भरायला लागली. त्या दिवसापासून ती अंगणात तीन दगड मांडून भाकरी करू लागली.

हे सगळं नवलसिंगने रिनाला फोनवर सांगितलं. रेंजसाठी त्याला सागाच्या टेकडीवर चढावं लागतं, त्यामुळे तो धापा टाकत बोलत होता. रिना त्याची धाकटी बहीण. आईबाप ऊसतोडीला गेले की ही दोघं रेवाबाईकडे असायची. रेवाबाई त्यांची फुई, म्हणजे बापाची बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून या दोघांवर तिने सगळी माया खर्च केली. रिनाने विचारलं, तू काय केलंस? नवलसिंग म्हणाला, मी काय करणार, सगळा पाडा होता. रिनाने फोन ठेवला.

ती नंदुरबारला खोली घेऊन राहायची. तिच्यासोबत धानोऱ्याची रूपाली होती, बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करणारी, मोठ्या मनाची आणि मोठ्या आवाजाची. मागच्याच महिन्यात दोघींनी हौसेने केसांना रंग लावून घेतला होता. रूपालीचा आठवड्यात उतरला, रिनाचा बसला तो बसलाच, तांबडालाल. रूपालीने सगळं ऐकून घेतलं आणि पुस्तक मिटलं.

"येथ बशीसन काय करी ऱ्हायनी तू? जाय घर," ती तिच्या अहिराणीत म्हणाली.

आता त्या खेळाचं सांगायला हवं, कारण चूल फुटली ती त्या खेळापायी. नाव 'काळी चूल'. अशा खेळात पसाऱ्याचं एक चित्र असतं, खाली वस्तूंची नावं असतात, त्या पसाऱ्यात हुडकायच्या आणि बोट टेकवायचं. लहान मुलांच्या मासिकात असतं तेच, फक्त यात भुताटकी घातलेली. डोंगरातल्या एका गावात मुलं आजारी पडताहेत. शहरातून एक इन्स्पेक्टर बाई येते आणि एका म्हातारीच्या घरात शिरून पुरावे गोळा करते. तिच्याकडे एक दिवा असतो, तो फिरवला की साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात. सगळ्यांत शेवटी सुया टोचलेली, लेकराच्या केसांची बाहुली सापडते. ती सापडली की म्हातारी डाकीण असल्याचं सिद्ध होतं, ती किंकाळी फोडून धूर होते आणि मुलं उठून खेळायला लागतात. अभिनंदन, तुम्ही गाव वाचवलंत.

खेळ पुण्याच्या एका कंपनीचा, आणि रिना त्याच कंपनीत कामाला. तिचं काम खोलीत बसूनच. खेळ बाजारात यायच्या आधी खेळून पाहायचा आणि त्याच्या जमेच्या बाजू काय, उणिवा काय, हे लिहून पाठवायचं. तिची नजर तेज होती. पसाऱ्यात काय खोटं आहे ते तिला लगेच दिसायचं. तिचे साहेब पवन सर सगळ्यांसमोर म्हणायचे, रिनाच्या तावडीतून काही सुटत नाही.

याच पवन सरांनी एकदा विचारलं होतं, आदिवासी घराचे आतून काढलेले फोटो कुठे मिळतील? रिनाला कोण आनंद झाला. एवढ्या शिकलेल्या माणसांना जे ठाऊक नाही ते तिच्याकडे होतं. दिवाळीत घरी गेली तेव्हा तिने फुईच्या घराचा कोपरानकोपरा टिपला. कणग्या, आढ्याला टांगलेले भोपळ्याचे तुंबे, कौलांखाली खोचलेला विळा, ढोल, मोहाच्या फुलांची टोपली. कूड जिथे फुटला होता तिथे फुईने तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकला होता, त्यावर सूर्यफुलाचं चित्र. तोही टिपला. फुई मधेमधे पदर सारखा करत उभी राहायची, रिना तिला म्हणायची, तू नको, घर पाहिजे.

मग खेळ तपासायला आला. घर होतं तसं होतं, सूर्यफुलासकट. म्हातारी मात्र भलतीच होती, जटा वाढलेली, पिवळ्या डोळ्यांची. डाकीण हा शब्द पडद्यावर आला तेव्हा रिनाने खेळ मधेच थांबवला. पण नोकरी नवी, सगळ्या कंपनीत तिकडची ती एकटी, आणि पहिल्याच कामात कोण कटकट करणार? खेळ आहे, असं तिने स्वतःला समजावलं. जमेच्या बाजूंत तिने लिहिलं: घर अगदी खरं वाटतं. कौलांवरच्या पावसाचा आवाज सुंदर. नेट नसतानाही खेळता येतो. उणिवांत लिहिलं: शेवटची बाहुली खाटेखाली ठेवली आहे, ती फार लवकर सापडते आणि मजा जाते, चुलीखाली पुरलेली दाखवली तर शेवटपर्यंत उत्सुकता राहील. पवन सरांना ही सूचना फार आवडली. सगळ्यांनी ग्रुपवर टाळ्यांची चित्रं टाकली. रिनाने त्या दिवशी रूपालीला पाणीपुरी खाऊ घातली.

होळीला पाड्यातली माणसं गुजरातेतून परत आली तेव्हा गोवालच्या फोनमध्ये तो खेळ होता. घर सगळ्यांनी सूर्यफुलावरून ओळखलं आणि पाड्यात नुसती धमाल उडाली. पोरंपोरी रेवाबाईकडे पळत गेली, फुई, तुझं घर फोनमध्ये आलं! तिला चष्म्याशिवाय नीट दिसायचं नाही, तरी तिने फोन हातात घेतला आणि पटापट बोट ठेवत गेली. विळा? कौलाखाली. काकडीचं बियाणं? तिसऱ्या तुंब्यात. ढोल, टोपली, सूप. जे पोरांना अर्धा-अर्धा तास सापडायचं नाही ते ती गप्पा मारतामारता दाखवायची. दूरच्या घरांतलीसुद्धा माणसं फोन घेऊन तिच्याकडे यायची आणि ती प्रत्येकाला हसतहसत जिंकून द्यायची. एकटी बाई, तिच्या अंगणात इतकी वर्दळ कधी नव्हती. शेवटच्या बाहुलीपाशी मात्र ती थांबायची. हे माझ्या घरातलं नाही, म्हणायची. पोरं हसायची, आहे फुई, सगळ्यांत शेवटी सापडतं.

वैशाखात गोवालची तान्ही मुलगी आजारी पडली. अंगावर प्यायची नाही, रडायची नाही, दिवसेंदिवस वाळत चालली. त्याने तिला नंदुरबारच्या दवाखान्यात नेलं, तिथे तिला बरं वाटलं, घरी आणल्यावर पुन्हा तेच. रेवाबाई होळीपासून त्या पोरीला मांडीवर घेऊन बसायची, हे जसोदाबाईला तेव्हाच आठवलं. आधी पोरांचं येणं थांबलं. मग बाया विहिरीवर तिला वाट सोडून उभ्या राहू लागल्या. मग गोवाल पहार घेऊन आला.

नंदुरबारच्या स्टँडवर धडगावची गाडी लागायला वेळ होता तेव्हा रिनाने पवन सरांना फोन केला. पवन सर वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत होती. तो खरोखर हादरला. पुन्हापुन्हा सॉरी म्हणाला. पुढच्या आवृत्तीत घर बदलतो, पत्रा काढतो, सगळं काढतो, म्हणाला. ज्यांच्या फोनमध्ये जुना खेळ आहे त्यांचं काय, असं तिने विचारलं. नेटशिवाय चालणारा खेळ पुण्यात बसून कसा बदलणार? मग त्याने स्वतःच सुचवलं की मी व्हिडिओ करून पाठवतो, लोकांना दाखव. आणि फोन ठेवताठेवता, तिला बरं वाटावं म्हणूनच बहुधा, म्हणाला की लोकांना सगळ्यांत जास्त ते घरच आवडलंय. रिनाला पहिल्यांदा त्याला शिवी द्यावीशी वाटली. तिने थँक्यू सर म्हणून फोन ठेवला.

ती पाड्यावर पोचली तेव्हा फुई अंगणातल्या दगडांवर भाकरी थापत होती. पोरीने जेवून घ्यावं, एवढीच घाई तिला. चुलीच्या जागी खड्डा होता, तो तिने बुजवला नव्हता. पुन्हा बघायला येतील, म्हणाली, परत कोण उकरत बसणार. आढ्याचे तुंबे भरलेले तसेच लटकत होते. ज्वारी, बंटी, उडीद, मका, सगळं राखेत कालवून ठेवलेलं. पाड्यात बियाणं ठेवायची रीत तिच्या सासूपासून या घराची होती. पावसाच्या तोंडावर बाया येऊन मुठीने न्यायच्या आणि पीक निघालं की ओंजळीने आणून टाकायच्या. रोहिण्या लागून गेल्या होत्या. यंदा एकही बाई आली नव्हती.

"धडगावहून पाकिटं आणली त्यांनी," फुई म्हणाली. बाकी कशाबद्दल तिने तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमशाबाबाच्या अंगणात माणसं बसली, फुईही एका कडेला होती. आमशाबाबा पाड्याचा बडवा, देवाचं करणारा, दुखणंखुपणं बघणारा म्हातारा. रिनाला त्याची लहानपणापासून भीती वाटायची. शहरात राहून तर तिला खात्रीच झाली होती की हे सगळं त्याचंच कारस्थान असणार. पण म्हाताऱ्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं की सुयांची बाहुली आपल्यात नसते. बापाने शिकवलं नाही, आज्याने सांगितलं नाही, त्याने उभ्या जन्मात पाहिली नाही. ही कुठली तरी बाहेरची गोष्ट. रिनाला इतका धीर आला की तिने लगेच फोन काढला आणि पवन सरांचा व्हिडिओ लावला.

पवन सर मराठीत बोलत होते आणि रिना ते पावरीत, पाड्याच्या बोलीत, सांगत होती. ही बाहुली आमच्या डोक्यातून आलेली आहे, खोटी आहे, त्या घराचा तिच्याशी संबंध नाही, आम्हाला माफ करा. माणसांनी शांतपणे ऐकलं. गोवालने व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. तो मांडीवर मुलीला घेऊन बसला होता. तिच्या मनगटावरचा काळा दोरा सैल होऊन पार कोपरापर्यंत सरकत होता. रिनाला त्याचा राग धरवेना.

"तुंबे खरे आहेत," गोवाल म्हणाला. "विळा खरा, पत्रा खरा, ढोल खरा. जिथे दाखवलंय तिथेच सापडतं सगळं. मग एवढीच एक गोष्ट खोटी कशी?"

तो भांडत नव्हता. त्याला उत्तर हवं होतं. आणि रिनाने, आता लपवून काय मिळणार म्हणून, खरं ते सांगून टाकलं. बाहुली आधी खाटेखाली होती. चुलीखाली ठेवा, असं मीच त्यांना लिहून कळवलं.

अंगणात चुळबुळ झाली. जसोदाबाई पुढे सरकली. तिच्या आवाजात विखार नव्हता, भीती होती.

"म्हणजे तुला ठाऊक होतं," ती म्हणाली. "त्याच घरात वाढलीस तू. ती काही शिकवल्याशिवाय राहिली असेल का तुला?"

रिना उठून उभी राहिली. खेळ कसा बनवतात, चित्र कोण काढतं, तपासणं म्हणजे काय, हे सगळं ती घाईघाईने सांगू लागली. पावरीत त्यातल्या निम्म्या गोष्टींना शब्द नव्हते, म्हणून मराठीत, इंग्रजीत, आणि जितकं सांगत गेली तितकं ते मंत्रासारखं ऐकू येऊ लागलं. तिचे तांबडे केस उन्हात आणखीच तांबडे दिसत होते. बाया तिच्याकडे बघायच्या आणि नजर काढून घ्यायच्या. नवलसिंग मधेच उठला, आपल्या पोरांना घेऊन घरी निघून गेला. सगळ्यांनी ते पाहिलं.

शेवटी रिना आमशाबाबापुढे बसली. तुम्ही सांगा त्यांना, म्हणाली, तुमचं ऐकतील.

"सांगितलं की," म्हातारा म्हणाला. "पोरी, सापडलेल्या वस्तूला माझ्याकडे उपाय आहे. शिवेबाहेर नेऊन जाळतो, कोंबडं देतो, मग कुणी नाव काढत नाही. ज्याच्या घरात सापडलं त्याच्या हातचं पाणीसुद्धा पितात. पण जे सापडतच नाही ते मी काय जाळू?"

तिने ते ऐकलं आणि तिला एकदम आपलं कामच आठवलं. इतके खेळ तिने तपासले, इतक्या उणिवा काढल्या, पण ही कधी लिहिली नव्हती. या खेळांमध्ये नाव आलं की वस्तू असतेच. घरात ती मुळात नव्हती, असा शेवट कुठल्याच खेळाला नसतो.

परत येताना फुई भराभर पुढे चालत राहिली. घरी आल्यावर रिनाने आपली पिशवी भरायला घेतली आणि फुईचीही. माझ्याबरोबर चल, नंदुरबारला राहू. नाहीतर पोलिसात जाऊ, याला कायदा आहे, गोवालला आणि त्याच्या आईला उचलून नेतील. फुईने सगळं ऐकून घेतलं. पोलिस एक दिवस येतील, म्हणाली, आणि गोवालची पोरगी तेवढ्यात गेली तर? मग पुढे आयुष्यभर ते कुणाच्या नावावर? आणि तुझ्या खोलीत मी एवढे तुंबे कुठे टांगू? रिनाने पिशवीची चेन ओढून लावली, मग उघडली, मग पुन्हा लावली.

सकाळी ती उठली तेव्हा फुई दारातल्या उजेडात बसली होती. मांडीवर तिच्या जुन्या लुगड्याचा फाडलेला काठ. चिंधीच्या गुंडाळीला तिने मान काढली होती आणि आता ती हात शिवत होती.

"त्यात कशी आहे ती नीट दाखव," ती म्हणाली. "मला तेवढीच पाहायची राहिली."

रिनाला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा ती तिच्या हातातून चिंधी ओढून घ्यायला धावली. फुईने नुसता हात वर केला, लहानपणी करायची तसा, आणि ती थांबली.

"हे करू नको, फुई. सापडली की तू डाकीण ठरशील."

"आता कोण आहे मी?"

"आता नुसतं बोलतात."

"बोलतातच. सापडली की जळेल. नाही सापडली तर रोज शोधतील. आज माझ्या घरात, उद्या तुझ्यात." फुईने दात लावून दोरा तोडला. "काल तुझ्याकडे बघत होत्या बाया. मी बघितलं."

रिना उंबऱ्यावर बसली. तिला रडायचं होतं, पण फुईला आधी चष्मा हवा होता, मग लाल दोरा हवा होता. चष्मा रिनाने कोनाड्यातून काढून दिला. दोरा कुठे असतो ते तिला न विचारता ठाऊक होतं. मग तिने फोन काढला आणि खेळ सुरू केला. बाहुलीपाशी पोचायला आधीचं सगळं शोधावं लागतं, त्याला दुसरा रस्ता नाही. ती एकेक वस्तू शोधत गेली, विळा, सूप, टोपली, तुंबा, आणि प्रत्येक वस्तू खरी तिच्या डोक्यावर किंवा हाताशी होती. फोनमधल्या कौलांवर पाऊस वाजत होता. बाहेर ऊन होतं.

बाहुली आली. फुईने फोन डोळ्यांजवळ धरून खूप वेळ पाहिली.

"लेकराचे केस आहेत म्हणतेस?"

"हो."

"तुझे दे मग." ती विळा घेऊन रिनाच्या मागे येऊन बसली. तिने तिची वेणी सोडली आणि बोटांनी केस विंचरले, शाळेत पाठवताना विंचरायची तसेच, गुंता आला की मुळाशी धरून. "असा रंग पाड्यात दुसऱ्या कुणाचा नाही. बघितल्याबरोबर ओळखतील. तुझ्यावरच केलं होतं मी, म्हणतील. मग तुला शिकवलं असं कोण म्हणेल?"

विळ्याचा खरखर आवाज आला. रिनाने मान हलवली नाही. फुईने बट हातात तोलली, थोडी जास्तच झाली म्हणाली, आणि उरलेले केस पुन्हा घट्ट वेणीत गुंफून दिले.

ती कुठे सापडायची तेही तिने ठरवून ठेवलं होतं. मोठ्या कणगीच्या बुडाशी. काढायची नवलसिंगने. मी सांगेन त्याला, म्हणाली, एवढं तो करेल. त्याचंही नाव होईल पाड्यात, दोन लेकरांचा बाप आहे. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तेच रिनाला सहन होईना. मग फुई म्हणाली की लवकर झालेलं बरं, आभाळ भरून यायला लागलंय, बायांना पेरणीआधी बियाणं न्यायला दोन-चार दिवस तरी मिळाले पाहिजेत. पाकिटातलं या उतारावर उगवत नाही.

दुपारपर्यंत बाहुली झाली. लुगड्याच्या हिरव्या काठाची, लाल दोऱ्याच्या डोळ्यांची, डोक्यावर रिनाचे केस. सुया घरात दोनच होत्या, बाकी बाभळीचे काटे टोचले. चुलीची राख चोळून फुईने तिला जुनी केली. मग तिने ती फोनशेजारी धरली, डोळे बारीक करून एकदा हिच्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि दोन्ही रिनापुढे केलं.

"तुला बरोबर दिसतं," ती म्हणाली. "बघ, काय कमी आहे?"

रिनाने बाहुली हातात घेतली. ती इतकी हलकी होती. तिने ती उजेडाकडे वळवली, उलटी केली, फोनमधलं चित्र बोटांनी मोठं केलं.

"डावा हात," ती म्हणाली. "डावा हात आखूड झालाय."

"बघ बाई," फुई म्हणाली आणि चिंध्यांत बोटं घालून काठाचा आणखी एक तुकडा शोधू लागली. रिनाने दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि सुई ओवून दिली.